मालक किलो मोजतो, म्हणून किलोच मिळतात

21 नोव्हेंबर 2025 ला देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कोकणातल्या लहानमोठ्या मालकांचे फोन हिशेबनिसांकडे वाजू लागले. बेसिक किती धरायचं, पीएफ किती कापायचा, बोनस कुणाकुणाला लागू, या प्रश्नांची उत्तरं कायद्याच्या कागदात सापडतात. एक प्रश्न मात्र तिथे सापडत नाही, आणि टपरीवर तोच जास्त ऐकू येतो. काजू कारखान्याचा मालक म्हणतो, "दर दिवाळीला बोनस देतोय, पण कामात फरक कुठे पडतो?" आणि कामगार म्हणतो, "मरमर करा नाहीतर बसून राहा, बोनस सगळ्यांना तेवढाच." दोघांचंही खरं आहे. ते खरं का आहे, आणि मग कामाचा मोबदला कसा दिला म्हणजे काम सुधारतं, यावर गेली साठ-सत्तर वर्षं बराच अभ्यास झाला आहे. तो आपल्याकडच्या कामांवर ताडून बघू.

बोनस हे बक्षीस नाहीच

सुरुवात कायद्यापासून, कारण इथेच पहिला घोटाळा होतो. वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत, वर्षात किमान 30 दिवस काम केलेल्या आणि ठरावीक मर्यादेच्या आत पगार असलेल्या कामगाराला किमान 8.33 टक्के बोनस द्यावा लागतो. जास्तीत जास्त 20 टक्के. 1965 च्या जुन्या कायद्यात हे होतं, नव्या वेतन संहितेतही आहे. 8.33 हा आकडा विचित्र वाटतो, पण तो शंभर भागिले बारा एवढाच आहे. वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, म्हणजे एक महिन्याचा पगार. (हिशेबाला किती पगार धरायचा यावर मर्यादा असते, त्यामुळे हातात येणारी रक्कम नेहमी महिन्याच्या पगाराएवढी भरत नाही.)

यात कामगाराने काम कसं केलं याचा संबंध कुठेही नाही. चोरी, अफरातफर, हिंसक वर्तन अशा कारणांनी कामावरून काढलं तरच बोनस जातो. एरवी तो सगळ्यांना.

असं का, हे समजायला मुंबईच्या गिरण्यांकडे जावं लागतं, आणि तिथे रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेली किती माणसं राबत होती हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांना रग्गड नफा झाला, महागाईही भडकली. मालकांनी पगारावर जादा रक्कम द्यायला सुरुवात केली. काही वर्षं ती मिळत राहिली, कामगारांनी ती धरून घरखर्च बांधला. 1923 मध्ये मालकांनी ती थांबवली आणि 1924 च्या सुरुवातीला संपाने गिरण्या बंद पडल्या. चौकशी समितीने निर्णय दिला की कामगारांचा यावर कायदेशीर हक्क नाही. पण वाद मिटला नाही. पुढची चार दशकं तो न्यायाधिकरणांत आणि रस्त्यावर चालू राहिला. शेवटी बोनसचा प्रश्न सोडवायला मेहेर आयोग बसला आणि 1965 मध्ये कायदा झाला. गिरणीतल्या घामाचा नफ्यात वाटा आहे, हे त्या कायद्याने मान्य केलं. 1982 चा संप पेटला त्यामागेही बोनसचाच वाद होता.

म्हणजे कायद्याचा बोनस हा हक्काचा वाटा आहे, थोडा उशिरा मिळणारा पगारच. तो चुकवला तर कामगार चिडेल. तो वेळेवर दिला म्हणून मात्र कुणी जास्त काजू फोडणार नाही. मालकाची तक्रार इथेच निकालात निघते.

काम वाढावं म्हणून जे द्यायचं ते वेगळं. "अमुक केलंस तर तमुक मिळेल" अशी आधी सांगितलेली अट आणि त्यावर मिळणारा पैसा, याला इन्सेन्टिव्ह म्हणतात. पुढे हा शब्द मी याच अर्थाने वापरणार आहे. आणि अटीशिवाय, काम झाल्यावर, मालकाला वाटलं म्हणून दिलेलं ते बक्षीस.

काजूच्या टेबलावर

वेंगुर्ले, मालवण, सावंतवाडी भागातल्या काजू कारखान्यांत बी फोडायला आणि गर सोलायला बहुतेक बायका असतात. वाफवलेली बी हातापायाने चालणाऱ्या कटरमध्ये धरायची, कवच उघडायचं, गर बाहेर काढायचा. कवचातल्या तेलाने हात काळे पडतात. अशा कामाचा मोबदला दोन तऱ्हांनी देता येतो. रोजाने, किंवा किलोमागे.

रोजाने दिला तर झटपट हात चालवणारीला आणि गप्पा मारत बसणारीला सारखंच. किलोमागे दिला तर जिचा हात चालतो तिला जास्त. यात चूक काहीच दिसत नाही. एडवर्ड लेझियर या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेत गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा अभ्यास केला. 1994-95 मध्ये तिथे तासाचा पगार बंद करून काचेमागे पैसे द्यायला सुरुवात झाली, आणि दर माणशी काम 44 टक्क्यांनी वाढलं. त्यातली निम्मी वाढ तीच माणसं जास्त काम करू लागल्याने झाली होती. उरलेली निम्मी मुख्यतः माणसं बदलल्याने, कारण चपळ कामगार टिकले आणि नवे चपळ कामगार आले. इन्सेन्टिव्ह हाताचा वेग वाढवतो, तसाच कामाला कोण येणार आणि कोण राहणार हेही ठरवतो. ही दुसरी गोष्ट मालक लोक सहसा लक्षात घेत नाहीत.

पण काजूत एक गोम आहे. अख्खा गर आणि तुटलेला गर यांच्या भावात मोठा फरक असतो. गराच्या प्रती ठरलेल्या असतात: डब्ल्यू-320 म्हणजे एका पौंडात, साधारण 454 ग्रॅममध्ये, 300 ते 320 अख्खे पांढरे गर. डब्ल्यू-180 म्हणजे 170 ते 180, म्हणून गर मोठा आणि भाव चढा. पाकळी झाली, तुकडा झाला की भाव खाली. आता मालकाने नुसत्या किलोवर पैसे दिले तर काय होईल? बाई वेगाने फोडेल, तुकडा जास्त पडेल. तिचं वजन भरेल, नुकसान मालकाचं. मालवणीत तिची बाजू एका ओळीत मांडता येईल: "मालक किलो मोजता, मी किलो देतंय."

यात तिचा काही दोष नाही. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम या दोघांनी 1991 मध्ये नेमकी हीच अडचण गणिताने मांडली. होल्मस्ट्रॉमना 2016 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या कामाचाही वाटा होता. एका कामाला अनेक बाजू असतात, त्यातली जी मोजायला सोपी तिच्यावरच पैसा लावला, तर माणूस बाकीच्या बाजूंवरचं लक्ष काढून तिथे नेतो. बाकीच्या बाजू मोजता येत नसतील तर इन्सेन्टिव्ह कमी ठेवणं, प्रसंगी न ठेवणंच बरं, असा त्यांचा निष्कर्ष. काचवाल्या कंपनीत याचा बंदोबस्त होता: काच नीट बसली नाही आणि गिऱ्हाईक परत आलं, तर ज्याने बसवली त्यानेच ती स्वतःच्या वेळेत पुन्हा बसवायची. काजूत याचा अर्थ असा की अख्ख्या गराला एक दर आणि तुकड्याला त्याहून कमी दर ठेवायचा. मात्र मग बी कशी वाफवली, किती सुकली हेही बघावं लागेल, कारण बी कच्ची राहिली तर कितीही जपून फोडली तरी गर तुटतो. वाफ देणाऱ्याची चूक फोडणारीच्या मजुरीतून कापली, तर त्या टेबलावर नंतर कुणी जीव लावून काम करणार नाही.

जे मोजलं जात नाही ते कोण करणार?

हे कारखान्यापुरतं नाही. आशा सेविकांचं बघा. त्यांच्या मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक ठरतो. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात 600 रुपये: निम्मे गरोदरपणातल्या तपासण्यांसाठी, निम्मे दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी. यामुळे बाळंतपणं दवाखान्यात व्हायला मदत झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण लांजा-संगमेश्वरकडच्या डोंगरातल्या वाड्या एकमेकींपासून किती लांब असतात! सपाटीवरच्या गावात तेच काम तासाभरात होतं, इथे अर्धा दिवस चढउतारात जातो. दर मात्र तोच. शिवाय घाबरलेल्या पोरीजवळ बसून तिला धीर देण्याचा दर कुठल्याही तक्त्यात नाही. तरी त्या बसतात, कारण कामाला नुसता दर नसतो, लाजही असते आणि मायाही. त्यांच्या आंदोलनांत निश्चित मानधनाची मागणी पुन्हा पुन्हा का येते, हे यावरून कळावं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर ही संस्था एकशिक्षकी शाळा चालवायची आणि शिक्षक वारंवार गैरहजर असायचे. एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तिथे शिक्षकांना कॅमेरे दिले. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांसोबत फोटो काढायचा, आणि हजेरीच्या दिवसांवर पगार. गैरहजेरी 42 टक्क्यांवरून 21 वर आली आणि मुलांचं शिकणंही सुधारलं. कारण तिथे नेमकी अडचण हजेरीचीच होती आणि हजेरी चोख मोजता येत होती. जे हवं तेच मोजलं जात होतं.

तसं नसेल तर काय होतं, याचं मोठ्यातलं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक. कर्मचाऱ्यांवर नवी खाती उघडायचं लक्ष्य होतं. गिऱ्हाईक नाही म्हणालं तरी खातं उघडलं जाऊ लागलं. 2016 मध्ये प्रकरण फुटलं. 18.5 कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे 5,300 कर्मचाऱ्यांना आधीच घरी पाठवल्याचं बाहेर आलं. लक्ष्य लावणारे साहेब मात्र त्यातले फार थोडे. आपल्याकडच्या पतसंस्थांनी, जिथे मार्च महिन्यात ठेवींचं लक्ष्य डोक्यावर बसतं, हे वाचून ठेवायला हरकत नाही.

दर्यावर बघायला कोण जाणार?

आता मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरावर या. बोट खोल पाण्यात गेली की तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि खलाशी काय करतात, हे मालकाला किनाऱ्यावरून दिसत नाही. जाळं किती वेळा टाकलं, मासळीवर बर्फ नीट घातला का, रात्री झोपले का, सगळं त्यांच्यावर. जिथे नजर पोचत नाही तिथे पगारापेक्षा वाटा कामाला येतो. विक्रीतून डिझेल, बर्फ, शिधा वजा करायचा आणि उरलेल्यात मालकाचा आणि माणसांचा वाटा, त्यात तांडेलाचा जास्त. प्रत्येक बंदराची, अगदी प्रत्येक बोटीची रीत निराळी. काही ठिकाणी पगार आणि वर वाटा. पण तत्त्व एकच: बोटीला मिळालं तर मला मिळालं. जगभरच्या मासेमारीत हीच रीत दिसते, कारण अडचणही सगळीकडे हीच आहे.

वाट्याची किंमत दोन जागी मोजावी लागते. पहिली, मासळी लागली नाही तर खलाशाचा हात रिकामा. समुद्राचं नशीब त्याच्या माथी येतं, आणि गरीब माणसाला असा धोका श्रीमंतापेक्षा जड जातो. दुसरी, वाटा आजच्या मासळीवर आहे, उद्याच्या नाही. छोटी मासळी सोडून द्यायला त्यात कुणालाच फायदा नाही. म्हणूनच 1 जून ते 31 जुलैची बंदी किंवा 2023 मध्ये राज्य सरकारने पापलेटसह अनेक जातींसाठी ठरवलेला किमान आकार, असे नियम बाहेरून आणावे लागतात.

आता कुणी विचारेल, वाटा सगळ्यांचा असेल तर एखादा अंग चोरणार नाही का? मोठ्या कारखान्यात चोरतो. हजार माणसांत नफ्याचा वाटा वाटला तर माझ्या जादा घामाचा माझ्या पदरात हजारावा हिस्सा पडणार, मग कोण कशाला राबेल? पण मालवणच्या किनाऱ्यावरची रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, बघितली असेल तर उत्तर डोळ्यांसमोर आहे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा असं ठरलेलं असतं. आणि दोर ओढताना कोण नुसता हात लावून उभा आहे हे शेजारच्याला लगेच कळतं. संध्याकाळी त्याचं नाव वाडीभर होतं. म्हणून गट लहान, एकमेकांना ओळखणारा आणि एकमेकांना दिसणारा असेल तर सामायिक वाटा चालतो. चारशे माणसांच्या कारखान्यात तो नुसता नोटीस बोर्डावर राहतो.

मग शर्यत लावली तर?

"महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी" हा फोटो आता रिसॉर्टांच्या भिंतींवरही लागू लागला आहे. कल्पना अशी की एकाला उचललं की बाकीचे धावतील.

इंग्लंडमधल्या एका फळबागेत ओरियाना बांदिएरा आणि तिच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. तोडणी करणाऱ्यांना त्या दिवशीच्या सगळ्यांच्या सरासरीशी तुलना करून पैसे मिळायचे. एकाने जास्त तोडलं की सरासरी वर आणि बाकीच्यांची मजुरी खाली. हंगामाच्या मध्यावर पद्धत बदलली, किलोमागे सरळ दर लावला, आणि दर माणशी तोडणी निदान दीडपट झाली. कारण काय? आधी माणसं आपल्या सोबत्यांसाठी हात आखडता घेत होती. गंमत म्हणजे ज्या फळाची झुडपं उंच होती, जिथे कोण किती तोडतंय हे एकमेकांना दिसत नव्हतं, तिथे हा फरक पडलाच नाही. म्हणजे हे निव्वळ प्रेम नव्हतं, "तुझ्यामुळे आमचं गेलं" हे ऐकावं लागण्याची भीतीही होती. एकाच वाडीतून कामाला येणाऱ्या पाच जणींमध्ये शर्यत लावणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. त्या शर्यतीत कुणीही पहिली येणार नाही याची त्या आपसांत काळजी घेतील.

दुसरा अभ्यास आपल्याच देशातला, ओडिशातला, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथे तिघातिघांचे गट करून दोर वळणं, पत्रावळी लावणं अशी कामं दिली. काही गटांत तिघांनाही सारखा रोज, काहींत कमीजास्त. एखाद्याचा रोज तोच राहिला, पण शेजारच्याला जास्त मिळतोय हे कळलं, तर त्याचं काम घटलं आणि खाडे वाढले. फक्त एका स्थितीत असं झालं नाही: शेजाऱ्याचं काम खरोखर जास्त आहे हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं तेव्हा.

पगार गुप्त ठेवा, असं शहरातले एचआरवाले सांगतात. कोकणात ते कसं जमणार, देव जाणे. सकाळी वाढलेला पगार संध्याकाळी देवळाच्या पायरीवर माहीत असतो. त्यामुळे फरक करायचाच तर तो सगळ्यांसमोर सांगता येईल असाच करावा.

"पैसा दाखवला की आवड मरते म्हणतात"

हा आक्षेप शिकलेल्या मंडळींकडून येतो, आणि त्याला आधार आहे. 1971 मध्ये एडवर्ड डेसी याने विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली. काहींना सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला. पैसे थांबल्यावर, मोकळ्या वेळात त्यांनी कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावला. 1973 मध्ये बालवाडीतल्या मुलांवर असाच प्रयोग झाला. ज्यांना चित्र काढल्यावर प्रमाणपत्राचं आमिष आधीच दाखवलं होतं, ती मुलं नंतर इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. मात्र ज्यांना तेच प्रमाणपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही.

पुढे 1999 मध्ये असे 128 प्रयोग एकत्र तपासले गेले. चित्र बरंच तसंच निघालं: आधी जाहीर केलेलं आमिष आतली ओढ कमी करतं, मनापासूनची शाबासकी ती वाढवते. पण एक अट विसरू नका. हे सगळं मुळात आवडीच्या कामाबद्दल आहे. काजूच्या तेलात हात काळे करायची हौस कुणालाच नसते, तेव्हा किलोमागे पैसे दिल्याने मरेल अशी आवड तिथे नसतेच. याउलट तारकर्लीला पाहुण्यांना समुद्राखाली नेणारा पोरगा, किंवा घरच्या खानावळीत माशाचं कालवण करणारी बाई, यांच्या कामात रस असतो. तिथे दर पाहुण्यामागे, दर ताटामागे हिशेब लावला की पोरगा डुबकी आटोपती घेईल आणि बाई नारळ कमी वाटेल. 2014 मध्ये चाळीस वर्षांच्या अभ्यासांची मोजदाद झाली तेव्हाही हेच दिसलं. किती काम झालं हे इन्सेन्टिव्हवरून जास्त ओळखता येतं, कसं झालं हे आतल्या ओढीवरून.

मोठं आमिष, मोठं काम?

तमिळनाडूत मदुराईच्या परिसरातल्या गावात संशोधकांनी लोकांना नेमबाजी, लक्षात ठेवणं, तुकडे जुळवणं असे खेळ दिले. प्रत्येक खेळाला काहींना जास्तीत जास्त 4 रुपये, काहींना 40, काहींना 400. चारशे म्हणजे तेव्हा तिथल्या एका माणसाचा जवळपास महिन्याचा खर्च. सर्वांत वाईट खेळले ते 400 वाले. डोकं त्या पैशातच अडकलं असावं. चार आणि चाळीसवाल्यांत फारसा फरक नव्हता.

आंब्याच्या दिवसांत हे आठवावं. वाशी मार्केटला वेळेत पोचलास तर वर एवढे, असं ड्रायव्हरला सांगितलं की तो एवढे मिळवायला परशुराम घाटात काय करेल, याचा विचार सांगणारा करतो का?

कापून बघितलं तर?

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे. दहापैकी सहा पाळणाघरांत उशिराला छोटासा दंड लावला. उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवायची शरम वाटायची, आता पैसे भरले की मोकळे. दंड काढून टाकल्यावरही शरम परत आली नाही.

लेट मार्कच्या नावाखाली अर्ध्या दिवसाचा पगार कापणाऱ्यांनी आणखी एक बघावं. कायद्याप्रमाणे दंड त्या पगाराच्या काळातल्या वेतनाच्या 3 टक्क्यांपलीकडे लावता येत नाही, आणि तोही कशाबद्दल लागेल हे आधी जाहीर करून आणि कामगाराचं म्हणणं ऐकून.

सोनपापडी आणि गणपतीची रजा

वस्तू द्यावी की रोख? जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायला विद्यार्थी घेतले होते. काहींना ठरलेल्या पैशांवर 7 युरो अचानक जास्त दिले: काम जेमतेम 5 टक्के वाढलं. काहींना तेवढ्याच किमतीचा थर्मास वेष्टनात बांधून दिला: काम 25 टक्के वाढलं. मग एका गटाला रोख रकमेचीच भेट दिली, पण नोटेची घडी घालून तिचा सदरा बनवून. काम 30 टक्क्यांच्या आसपास वाढलं. थर्मासपेक्षा, कुणीतरी आपल्यासाठी वेळ काढला हे कामी आलं. म्हणून घाऊक दरात आणलेल्या सोनपापडीच्या डब्याचा परिणाम शून्य असतो. तो डबा कुणासाठीही असतो.

कोकणातल्या माणसाला काय दिलं की तो खूश, हे विचारायची गरजच नाही. भाद्रपदात सुट्टी. मुंबईतल्या चाकरमान्यासाठी ती महत्त्वाची आहेच, पण इथल्याच हॉटेलात, पंपावर, बोटीवर राबणाऱ्यालाही गणपती आहे, आणि नेमका तेव्हाच धंदा जोरात असतो. त्याला आधीच, जूनमध्येच, पाच दिवसांची रजा लिहून दिली तर ती हजार रुपयांहून मोलाची ठरते आणि मालकाला बदली माणूस शोधायला वेळही मिळतो. ऐन वेळी, मिनतवाऱ्या करायला लावून दिलेल्या त्याच रजेचं मोल निम्मं.

"आधी माणसं तर मिळू देत"

हा सगळ्यांत रास्त आक्षेप. बागेत राखणीला नेपाळी गडी, बोटीवर नेपाळी आणि कर्नाटकातले खलाशी, आणि गावातली पोरं मुंबईत. अशात प्रेरणेच्या गप्पा कुणाला सुचणार?

फ्रेडरिक हर्झबर्ग याने 1959 मध्ये अमेरिकेतल्या दोनशेच्या आसपास इंजिनियर आणि हिशेबनिसांशी बोलून एक गोष्ट मांडली. त्याच्या पद्धतीवर पुढे टीका झाली, पण मूळ कल्पना उपयोगाची आहे. काही गोष्टी नसल्या की माणूस नाराज होतो: पुरेसा पगार, कामाच्या जागची सोय, धड वागणूक. त्या असल्या म्हणून तो पेटून काम करत नाही. पेटून काम करायला काहीतरी करून दाखवल्याचं समाधान, शिकायला मिळणं, कुणीतरी दखल घेणं लागतं. होडीसारखं आहे हे. पहिल्या गोष्टी म्हणजे तळ आणि दुसऱ्या म्हणजे शीड. तळ गळत असताना शीड कितीही मोठं लावा, होडी पाण्यातच जाणार. ज्याला माणसं मिळत नाहीत त्याने शिडाचा विचार सध्या बाजूला ठेवून तळ बघावा: पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला होतो का, खोलीत पंखा आहे का, उचल दिली ती वहीत दोघांसमोर लिहिली जाते का.

आठ-दहा माणसांच्या धंद्यात

बहुतेक वाचकांचा धंदा एवढाच असेल, तर मला वाटतं तिथे टक्केवारीचे तक्ते करूच नयेत. पगार आजूबाजूच्यापेक्षा थोडा वरचा आणि वेळेवर द्यावा. आंबा तोडणीसारख्या कामात पेटीमागे दर लावण्याऐवजी रोज द्यावा, कारण घाईत देठ तुटला की फळाला चिकाचा डाग पडतो, आणि कोवळं फळ झेल्यात (तोडणीच्या जाळीत) आलं तर ते नीट पिकत नाही. सबंध हंगाम चांगला गेला तर शेवटी सगळ्यांना मिळून काही द्यावं, किती आणि कशावरून हे एप्रिलच्या आधी सांगून. मे महिन्यात भाव पडला म्हणून शब्द फिरवला, तर पुढच्या वर्षी झाडावर चढायला कुणी येणार नाही.

दर लावायचाच असेल तर लावण्यापूर्वी एक खटपट करून बघा. ज्याला तो दर मिळणार आहे त्यालाच विचारा, "यातून जास्त पैसे काढायचे झाले तर कसे काढशील?" माणसं मोकळेपणी सांगतात, बहुधा हसत हसत. त्यांनी सांगितलेली वाट मालकाच्या फायद्याची असेल तर दर बरोबर बसला. "तुकडा पडला तर पडला, वजन तर भरतंय" असं उत्तर आलं, तर दर बदला.

आणि वीस किंवा जास्त माणसं असतील तर कायद्याचा बोनस या सगळ्यापासून वेगळा ठेवा. तो हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो. वर्ष 31 मार्चला संपत असेल तर 30 नोव्हेंबरच्या आत. त्याला चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून पाकिटात घालून भाषण करू नका, समोर बसलेल्यांना तो आकडा तोंडपाठ असतो.